देवणी वळूची गुणसूत्रं तपासतात, मग बेडकाची तपासली तर हसायचं कशाला?

लोहा तालुक्यातल्या माळेगावची यात्रा पाहिली असेल, तर हा प्रसंग ओळखीचा वाटेल. लाल कंधारी वळूभोवती पाच-सहा जण उभे असतात. कुणी शिंगं बघतं, कुणी वशिंड, कुणी रंग. देवणीच्या दावणीपाशी वानेरा की बाळंक्या की शेवरा यावर वाद रंगतो. जाणती माणसं नुसत्या नजरेने जात सांगतात आणि बहुतेक वेळा ती बरोबर निघते.

पण एक गोष्ट नजरेला दिसत नाही. वळू गोठीत रेतनाच्या केंद्रात निवडायचा असेल, तर त्याच्या रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि तिथे त्याची गुणसूत्रं मोजली जातात. गाय-बैलांत ती 60 असतात. 59 भरली, तर बाहेरून धडधाकट दिसणारा वळूही नाकारला जाऊ शकतो. ही तपासणी कुणाला विचित्र वाटत नाही, कारण त्यामागे दुधाचा आणि पैशाचा हिशेब आहे.

हीच तपासणी नामशेष होऊ घातलेल्या बेडकाची केली, तर मात्र लोक हसतात. ‘दुष्काळात बेडकांची गुणसूत्रं मोजायची?’ अशी प्रतिक्रिया डिजिटल डेस्कवर काम करताना मी अनेकदा वाचली आहे. मी स्वतः इंजिनिअर. बारावीनंतर बायोलॉजीचं पुस्तक उघडलं नाही, त्यामुळे एकेकाळी मीही हसलो असतो. आता माझं मत बदललं आहे. हा अभ्यास गरजेचा आहे, तो मराठवाड्यात होऊ शकतो, आणि तो करताना काही मर्यादा पाळायलाच हव्यात. का, ते टप्प्याटप्प्याने पाहूया.

गुणसूत्रं म्हणजे नेमकं काय?

प्रत्येक पेशीत डीएनएचा लांबलचक धागा असतो. पेशी दुभंगायच्या वेळी हा धागा घट्ट गुंडाळला जातो आणि त्याच्या आखूड काड्या तयार होतात. रंग दिल्यावर त्या सूक्ष्मदर्शकातून दिसतात. याच त्या गुणसूत्रांच्या काड्या.

माणसात त्या 46 असतात. हा आकडा पक्का व्हायला 1956 साल उजाडावं लागलं. त्याआधी तीसेक वर्षं जगभरच्या पुस्तकांत 48 छापलं जात होतं. म्हशीत 50 असतात. पावसाळ्यात अंगणात येणाऱ्या, खरखरीत कातडीच्या भेकात 22, तर शेततळ्यात डरावणाऱ्या मोठ्या पिवळसर बेडकात, म्हणजे इंडियन बुलफ्रॉगमध्ये, 26.

आकडा मोठा म्हणजे प्राणी हुशार, असं काही नसतं. आपल्या जंगलातलं भेकर घ्या. मादीत फक्त 6 आणि नरात 7 गुणसूत्रं. त्याच्याच चिनी भाऊबंदात मात्र 46. दिसायला दोन्ही छोटी हरणं, पण आतली मांडणी पूर्ण वेगळी.

संगणकाच्या भाषेत सांगायचं तर डीएनएची अक्षरं हा कोड आहे आणि गुणसूत्रं या त्या कोडच्या फाइली. एकूण कोड जवळपास तोच असला, तरी फाइली वेगळ्या पद्धतीने तोडल्या-जोडल्या, तर दोन प्रोग्रॅमचं एकमेकांशी जुळत नाही. खेचराचं हेच होतं. घोड्याची 64, गाढवाची 62, खेचराची 63. खेचर कामाला दणकट, पण गुणसूत्रांच्या जोड्या नीट लागत नसल्याने त्याला सहसा पिलं होत नाहीत.

वळूच्या तपासणीतून काय कळतं?

दोन गोष्टी कळतात. पहिली, लपलेला दोष. 1964 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी गुरांमध्ये दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटल्याचं दाखवलं. अशा जनावरात 60 ऐवजी 59 काड्या दिसतात. जनावर निरोगी असतं, पण त्याच्या वंशात गाभण राहण्याचं प्रमाण घटतं. असा एक वळू रेतन केंद्रात शिरला, तर त्याचा दोष हजारो गोठ्यांत पोहोचतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बापाकडचा वंश. देवणी, लाल कंधारी अशा वशिंडाच्या गुरांत नराच्या वाय गुणसूत्राचा जोड एका टोकाला असतो. जर्सी, होल्स्टिनमध्ये तो मध्याकडे सरकलेला असतो. म्हणजे रंग आणि शिंगं कितीही देवणीसारखी असली, तरी बापाच्या बाजूने विदेशी रक्त असेल तर स्लाइडवर ते उघड होतं.

नजर फसते तिथे गुणसूत्र बोलतं, हा यातला धडा. बेडकांच्या बाबतीत तो जास्तच लागू पडतो, कारण बेडूक ओळखताना आपली नजर फारच फसते.

बेडकांत नजर कशी फसते?

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण उत्तर अमेरिकेतलं आहे. तिथे झाडावर राहणाऱ्या करड्या बेडकांच्या दोन जाती आहेत. दोन्ही दिसायला इतक्या सारख्या की शेजारी ठेवल्या तरी फरक कळत नाही. पण एकीत 24 गुणसूत्रं आणि दुसरीत 48. दुसरीत पूर्ण संचच दुप्पट झाला आहे. आवाज लक्ष देऊन ऐकला, तर एकीची किरकिर जलद आणि दुसरीची संथ. दोघींचा संकर झालाच तर पिलांचं भवितव्य खेचरासारखंच.

आता समजा या दोन्ही जाती धोक्यात आहेत आणि कुणी चांगल्या हेतूने एका तळ्यातले बेडूक उचलून दुसऱ्या तळ्यात सोडले. गुणसूत्रं माहीत नसतील, तर वाचवायच्या नादात अंडी वाया जातील आणि मूळचे बेडूकही घटतील.

दुसरं उदाहरण खरोखरच अत्यंत संकटग्रस्त बेडकाचं आहे. आफ्रिकेतल्या कॅमेरून देशात ओकू नावाचं एक सरोवर आहे. तिथला पाण्यात राहणारा एक बेडूक जगात इतर कुठेच आढळत नाही. त्याची गुणसूत्रं मोजली तेव्हा आकडा आला 108. त्याच्याच कुळातल्या, प्रयोगशाळांत पाळल्या जाणाऱ्या एका भाऊबंदात फक्त 20 आहेत. इतर प्राण्यांत साधारणपणे दोन संच असतात, या बेडकात बारा. सरोवरात कुणी बाहेरचे मासे सोडले, तर ही सगळी मांडणी कायमची संपेल, आणि जवळचा कोणताही नातेवाईक आणून ती भरून काढता येणार नाही.

महाराष्ट्रात अशी वेळ कुणावर आली आहे?

त्यासाठी मराठवाड्यातून थेट सह्याद्रीच्या टोकाला, सिंधुदुर्गातल्या आंबोलीला जावं लागेल. तिथल्या जांभ्या कातळावर एक छोटा भेक राहतो. अंगावर पिवळे पट्टे, म्हणून शास्त्रीय नावात वाघाचा उल्लेख: झँथोफ्रायनी टायग्रिना. पहिला पाऊस पडला की कातळावरच्या उथळ खळग्यांत तो अंडी घालतो. 2009 मध्ये त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. आज आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो ‘अत्यंत संकटग्रस्त’ गटात आहे. पसारा आंबोलीच्या आसपास, आणि पावसाळी पर्यटनाच्या गाड्या त्याच रस्त्यावरून धावतात.

त्याचा सख्खा भाऊबंद कोयना परिसरात आहे. त्याचं वर्णन 1963 मध्येच झालं होतं, पण तेव्हा त्याला सर्वसाधारण भेकांच्या गटात टाकलं गेलं. 2009 मध्ये आंबोलीच्या भेकासोबत त्याला नव्या गटात हलवलं. म्हणजे हे दोघं जगातल्या इतर भेकांपासून वेगळे आहेत, हे कळायला 46 वर्षं गेली.

उद्या आंबोलीत काही अघटित घडलं, साथ आली किंवा कातळ खोदला गेला, तर वाचलेले भेक कुठे हलवायचे, कुणाशी जोडायचे, पिंजऱ्यात पैदास करायची का, हे प्रश्न एका आठवड्यात सोडवावे लागतील. त्या वेळी गुणसूत्रांची पद्धत शिकायला बसून चालणार नाही. कौशल्य आधीपासून हातात हवं.

आणि हे फक्त घाटमाथ्यापुरतं नाही. मातीत स्वतःला पुरून घेणाऱ्या, चेंडूसारख्या गोल बेडकांचे प्रकार आपल्याकडेही पहिल्या पावसात वर येतात. या गटातल्या पश्चिम भारतातल्या एका जातीला वेगळं नाव मिळालं ते 2017 मध्ये, तेही पुण्याच्या परिसरातल्या नमुन्यांवरून. पुण्यासारख्या शहराजवळचा बेडूक 2017 पर्यंत बिननावाचा राहत असेल, तर औसा, मुखेड, देगलूरच्या माळरानावर काय काय आहे याची खात्री कोण देणार?

शेतकऱ्याचा यात काय संबंध?

बेडूक किडे खातो, हे सगळ्यांना माहीत आहे. एकेकाळी आपण बेडकाचे पाय परदेशी विकायचो. 1987 मध्ये ही निर्यात बंद झाली, आणि त्यामागे हाही विचार होता की बेडूक गेले की शेतातली कीड वाढते.

पण गुणसूत्रांचा शेतीशी आणखी थेट संबंध आहे. अॅट्राझिन हे तणनाशक मका आणि उसात वापरलं जातं. 2010 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी आफ्रिकन बेडकाचे असे 40 नर घेतले, जे लिंग गुणसूत्रांनुसार नक्की नरच होते. त्यांना अॅट्राझिनचा अंश असलेल्या पाण्यात वाढवलं. प्रमाण होतं अब्जात अडीच भाग. त्यातले दहा टक्के मोठे होऊन मादी झाले आणि त्यांनी अंडीही घातली. या निष्कर्षावर वाद आहेत, इतर काही प्रयोगांत असा परिणाम दिसला नाही, हेही सांगायला हवं.

पण वाद बाजूला ठेवून एक प्रश्न विचारा. समोरची मादी ‘मुळात नर होती’ हे संशोधकांना कसं कळलं? तिच्या लिंग गुणसूत्रांची माहिती होती म्हणून. ती नसती, तर तळ्यात फक्त बऱ्याच माद्या दिसल्या असत्या आणि सगळं आलबेल आहे असं वाटलं असतं. आपल्याकडच्या बेडकांबाबत असा प्रश्न विचारायचा झाला, तर सुरुवात गुणसूत्रांपासूनच करावी लागेल. सोयाबीन आणि उसावर फवारलेलं औषध पावसाबरोबर ज्या नाल्यात उतरतं, त्याच नाल्यात बेडूक अंडी घालतो.

डीएनए वाचता येतो, मग काड्या कशाला मोजायच्या?

हा आक्षेप योग्य आहे. आज डीएनएची अक्षरं यंत्राने वाचता येतात आणि खर्चही खूप उतरला आहे. पण यंत्र धागा तुकड्या-तुकड्यांत वाचतं. ते तुकडे किती काड्यांत आणि कोणत्या क्रमाने लावायचे, हे ठरवताना सूक्ष्मदर्शकातलं चित्र पडताळा म्हणून लागतं. शिवाय जाती ओळखायला अनेकदा एखाद-दुसरं जनुकच वाचलं जातं. अमेरिकेतल्या त्या दोन करड्या बेडकांना तेवढ्यावर नेहमी वेगळं करता येत नाही, कारण 48 वाली जात 24 वालीच्याच वंशातून निघाली आहे.

दुसरं कारण पैशाचं. डीएनए वाचणारं यंत्र प्रत्येक कॉलेजात येणार नाही. गुणसूत्रांसाठी लागणाऱ्या गोष्टी मात्र ओळखीच्या आहेत. वाढत्या पेशी घ्यायच्या. कोल्चिसिन वापरून त्यांचं विभाजन मधल्या टप्प्यावर थांबवायचं. सौम्य क्षाराच्या पाण्यात पेशी फुगवायच्या, म्हणजे काड्या सुट्या होतात. मिथेनॉल आणि अॅसेटिक आम्लाच्या मिश्रणात त्या पक्क्या करायच्या. थेंब काचेवर टाकायचा, जीम्सा रंग द्यायचा आणि 100च्या भिंगाखाली बघायचं. जीम्सा म्हणजे मलेरियाच्या तपासणीत वापरला जाणारा रंग. कोल्चिसिन विषारी असल्याने ते जपून, शिक्षकांच्या देखरेखीखालीच हाताळायचं. बाकी गरज आहे ती हाताच्या सरावाची, आणि सराव पैशाने विकत मिळत नाही.

पण यासाठी बेडूक मारायचे का?

इथे माझं मत ठाम आहे: संकटग्रस्त प्राणी मारून त्याची माहिती मिळवायची नाही.

जुन्या पद्धतीत बेडकाला कोल्चिसिन टोचून नंतर त्याचं अस्थिमज्जा किंवा वृषण काढलं जाई. त्यात प्राणी मरतो. आता दुसरे मार्ग आहेत. बेडूकमाशाच्या शेपटीचं टोक किंवा बोटाच्या टोकाचा कातडीचा कण पुरतो. अशा कणातून प्रयोगशाळेत पेशी वाढवता येतात आणि त्या द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर वर्षानुवर्षं टिकतात.

असा साठा किती कामाला येतो, याचं उदाहरण अमेरिकेतल्या सॅन दिएगोमध्ये आहे. कुर्ट बेनिर्श्के हे संशोधक 1970 च्या दशकात वेगवेगळ्या प्राण्यांच्या कातडीचे नमुने जमवू लागले. हेतू साधा होता, गुणसूत्रांची तुलना. त्यातून ‘फ्रोझन झू’ उभा राहिला. 1980 मध्ये तिथे गोठवलेल्या पेशींतून 2020 मध्ये एका दुर्मीळ रानघोड्याचं शिंगरू जन्माला आलं. त्याचं नाव ठेवलं कुर्ट. रानघोडा म्हणजे साधा घोडा नव्हे, हेही गुणसूत्रांनीच दाखवलं होतं. त्याची 66, घोड्याची 64.

कायद्याची चौकटही आहे. संरक्षित वन्यप्राण्याचा नमुना घ्यायचा तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 12 नुसार परवानगी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 मध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गातलं विच्छेदन थांबवण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. पण त्यानंतर वर्गात बेडूकच उरला नाही, ना मेलेला ना जिवंत. पर्याय म्हणून जिवंत बेडकाला इजा न करता अभ्यास करायला शिकवायला हवं होतं.

मराठवाड्यात काय करता येईल?

लातूर पॅटर्नमध्ये तयार झालेला कोणताही विद्यार्थी पेशी विभाजनाचे टप्पे झोपेतही सांगेल. मीही सांगायचो. पण आमच्यातल्या किती जणांनी एखाद्या प्राण्याची गुणसूत्रं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली? मी तरी नाही पाहिली. पुस्तकातली आकृती पाठ केली, मार्क मिळाले, विषय संपला.

आपल्याकडे साधनं नाहीत, असं म्हणता येणार नाही. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, लातूरला त्याचं उपकेंद्र. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. संकटग्रस्त प्राण्यांच्या पेशी आणि डीएनएवर काम करणारी सीसीएमबीची ‘लॅकोन्स’ प्रयोगशाळा हैदराबादेत आहे, म्हणजे नांदेडहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी पोहोचता येतं. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे.

माझी सूचना छोटी आहे. सुरुवात आंबोलीच्या भेकापासून नकोच. अंगणातल्या साध्या भेकापासून करा. नीतिसमितीची मंजुरी घेऊन, बेडूकमाशाच्या शेपटीच्या टोकापासून स्लाइड बनवायला शिका. 22 काड्या स्वच्छ दिसल्या की पद्धत हाताशी आली. मग तळ्यातला बुलफ्रॉग, मग मातीत पुरून घेणारे. प्रत्येक नमुन्यासोबत गाव, तारीख, फोटो आणि मोबाइलवर रेकॉर्ड केलेला आवाज जोडा. पाच पावसाळ्यांत जिल्ह्याची नोंदवही तयार होईल आणि संकटग्रस्त प्राण्यावर काम करायची वेळ आली, तर थरथर न करता काम करणारे हातही.

‘दुष्काळात बेडूक कशाला’ याचं उत्तर

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा पाण्याची किंमत आपल्याला कळली. आपल्याकडे पाऊस लांबला की गावात धोंडी निघते, कुठे कुठे मुसळाला बेडूकही बांधतात. बेडूक आणि पाणी यांचं नातं आपल्या आजी-आजोबांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. बेडूक कातडीतून श्वास घेतो आणि कातडीतूनच पाणी पितो, त्यामुळे नाला बिघडला की त्याचा परिणाम आधी त्याच्यावर दिसतो.

2023 मध्ये जगभरातल्या 8,011 उभयचर जातींचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे 41 टक्के धोक्यात आहेत. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत हा सर्वाधिक संकटात असलेला गट ठरला. पण अशा यादीत जागा मिळते ती ज्याची ओळख पटली आहे त्यालाच. ओळख न पटलेला बेडूक यादीत न येताच संपतो आणि त्याची बातमीही होत नाही.

वळूची तपासणी आपण करतो, कारण चुकीचा वळू निवडला तर नुकसान कुणाचं, हे आपल्याला दिसतं. बेडकाच्या बाबतीत ते नुकसान उशिरा दिसतं, एवढाच फरक.

तुम्ही काय करू शकता?

- पहिल्या पावसाच्या रात्री तळ्याजवळच्या रस्त्यावर गाडी हळू चालवा. त्या रात्री बेडूक रस्ता ओलांडतात.
- वेगळा बेडूक दिसला तर पकडू नका. फोटो काढा, आवाज रेकॉर्ड करा, गाव आणि तारीख लिहून ठेवा.
- जवळच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांना किंवा मॅडमना तो पाठवा.
- आणि तुमची मुलगी बायोलॉजीच्या तयारीत असेल, तर तिच्या सरांना एकदा विचारा: मुलांना खरीखुरी गुणसूत्रं कधी दाखवणार?